कोरड्या चकत्या

कारखान्यातल्या आमच्या शॉपमध्ये माझ्या रागाला सगळे टरकून असायचे. कुणी ऑइल सील उलटं बसवलं किंवा पिस्टनचा नट अर्धवट आवळला, की मी लाइन थांबवून चारचौघांत त्याचे वाभाडे काढायचो. पिंपरीतल्या त्या कंपनीत स्कूटरचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बनत आणि मी तिथे तपासनीस होतो. दुसऱ्याच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळायचा, आणि ते काम मला मनापासून आवडायचं. माझ्या हातून जी चूक झाली ती मात्र मी तीन वर्षं कुणाला कळू दिली नाही.

ज्यांच्या बाबतीत ती झाली त्यांना मी दादा म्हणायचो. नात्यानं ते माझे कुणी नव्हते. कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात बसायचे, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. त्याआधी ते हवाई दलात विमानांचे फिटर होते. पंधरा वर्षं त्यांनी दुसऱ्यांची विमानं नीट करून दिली आणि ती धावपट्टीवरून वर जाताना खाली उभं राहून पाहिली. चिंचवडला आमची बिऱ्हाडं एकाच इमारतीत, भिंतीला भिंत लागून होती. मी लातूरकडचा, माझं बोलणं ऐकून वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, सुरुवातीला तोंडाला पदर लावून हसायच्या. पुढे माझ्या बायकोचं आणि त्यांचं इतकं जमलं की दोन घरांत मिळून एकच पाटा-वरवंटा उरला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. फ्लाइंग क्लबातल्या एका गृहस्थांनी परदेशातून विमानाचं किट मागवलं होतं. दोन माणसांचं छोटं लाकडी विमान, सुट्या भागांत, खोक्यांतून आलेलं; आपलं आपण जोडायचं. त्या गृहस्थांचा उत्साह पहिल्या दोन खोक्यांतच संपला आणि दादांनी ते सगळं उचलून आणलं. कासारवाडी स्टेशनजवळ एका लाकडाच्या वखारीमागचं पत्र्याचं शेड मिळालं. शेपटीचे भाग शेडात मावेनात, ते वर्षभर दादांच्या पलंगाखाली होते. ‘आमच्याकडे पाहुणा आला तर त्याला विमानावर झोपवते,’ असं वहिनी सगळ्यांना सांगायच्या.

क्लबात दर रविवारी जाऊन दादांनी खासगी वैमानिकाचं लायसन आधीच मिळवलं होतं. तरी त्यांना घाई होती, आणि घाईचं कारण वहिनींना आणि मलाच ठाऊक होतं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. सकाळ-संध्याकाळ थेंब चालू होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की दोन-अडीच वर्षं बरी जातील, मग बाजूचं दिसणं कमी होत जाईल. एकदा तसं झालं की वैद्यकीय तपासणीत पास होणं शक्य नव्हतं. ‘एकदाच वर जायचंय रे,’ ते मला म्हणाले होते. ‘मी जोडलेल्या विमानातून, मी चालवून. मग आंधळा झालो तरी चालेल.’ शेवटचं वाक्य ऐकून मी त्यांच्यावर भडकलो होतो.

रविवारी सकाळी सातला दादा मधल्या भिंतीवर दोनदा टकटक करायचे. मी तोवर चहा पिऊन तयार असायचो. मग दोघं सायकलींवर कासारवाडीला. संध्याकाळी घरी यायचो तेव्हा हातांना डिंकाचा आणि पॉलिशचा वास असायचा. माझं स्वतःचं असं अख्ख्या आठवड्यात दुसरं काही नव्हतं आणि मला ते हवंही नव्हतं.

विमानाच्या पुढच्या पायाचं काम माझ्याकडे आलं, कारण धक्के खाणं हा माझा धंदा. विमान उतरतं तेव्हा पुढचा पाय दबतो आणि परत वर येतो. तो नुसता स्प्रिंगवर ठेवला तर विमान बेडकासारखं उड्या मारेल. म्हणून ती उसळी तेलानं मारायची. आमच्याच स्कूटरच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरची नळी घेऊन मी आतली भोकं बारीक केली, घट्ट तेल भरलं आणि शेडात नाकावर वाळूची पोती ठेवून तो पाय शंभरदा तरी दाबून पाहिला. एकदा दबायचा, एकदा वर यायचा, आणि गप्प. दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

भांडण झालं ते दुसऱ्या धक्क्यावरून. पुढचं चाक सायकलच्या चाकासारखं डावी-उजवीकडे मोकळं फिरतं. वेग आला की असलं चाक आपोआप थरथरायला लागतं, आधी बारीक आणि मग इतकं जोरात की पाय मोडावा. ते थांबवायला किटमध्ये एक साधी युक्ती होती. चाक ज्या उभ्या खुंटीवर वळतं तिच्यावर वाटीसारख्या किंचित खोलगट पोलादी चकत्या एकावर एक बसवून वरून नट आवळायचा. चकत्या एकमेकींवर घासतात, चाक जड फिरतं, आणि थरथर सुरूच होत नाही. चकत्या मात्र अगदी कोरड्या हव्यात. चाक किती जड हवं ते पाहायला आम्ही रद्दीवाल्याकडे असतो तसला लटकता काटा आणला. तो आसाला अडकवून बाजूला ओढायचा. काटा ठरलेल्या आकड्यावर येईपर्यंत चाक हलता कामा नये. दादांनी त्या आकड्यावर लाल ऑइलपेंटची रेघ ओढली होती.

मला हे बिलकूल पटलं नव्हतं. मी सगळा जन्म तेलात काढलेला. आमच्याकडे थरथर मारतं ते डँपरमधलं तेल. कोरडं लोखंड लोखंडावर घासलं की आम्ही तो माल परत पाठवायचो.

‘दादा, हे जुगाड आहे,’ मी म्हणालो. ‘इथंही तेलाचा डँपर बसवू. मी करतो.’

‘वजन वाढेल. आणि ज्यांनी हे विमान काढलं त्यांनी विचार करूनच चकत्या दिल्यात ना?’

‘त्यांनी दिल्या म्हणून झालं का? सहा महिन्यांत खाऊन जातील एकमेकींना.’

‘मग सहा महिन्यांनी बदलू. तू इथे तेल घालणार नाहीस. ग्रीसही नाही. समजलं?’

माझ्याशी असं कुणी बोलत नसे. मी पाना टाकला आणि दोन रविवार शेडात गेलो नाही. तिसऱ्या रविवारी भिंत वाजली आणि मी निमूटपणे सायकल काढली. दादांनी तो विषय काढला नाही, मीही नाही. पण मनातल्या मनात मी म्हणत होतो, कळेल तुम्हाला.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. किटबरोबर आलेलं पुढचं चाक सडलेलं निघालं होतं. दादांनी त्याजागी दुसरं, थोडं लहान चाक बसवलं, आणि त्यासाठी खुंटीचा कोन स्वतः हिशेब करून बदलला. त्या अख्ख्या विमानात त्यांनी मूळ ड्रॉइंग सोडून केलेला तेवढाच एक बदल होता. त्या कोनाचा त्यांना अभिमान होता आणि थोडी धाकधूकही, कारण कोन चुकला तरी चाक थरथरतं.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात विमान चाकांवर उभं राहिलं. उडवायला दिल्लीची परवानगी लागणार होती, त्याआधी जमिनीवर पळवून पाहायचं ठरलं. मोशीच्या पुढे माळावर मुरुमाची एक लांब सरळ पट्टी होती. दसरा झाल्यावरचा रविवार नक्की केला. मी चकत्या पेट्रोलनं धुतल्या, पुसल्या, नट आवळला आणि काटा लावला. बरोबर लाल रेघेवर. दादांनी स्वतः वाकून पाहिलं आणि मान डोलावली.

मग खंडेनवमी आली. आमच्या पट्ट्यात हा दिवस घरापेक्षा कारखान्यात मोठा. मशिनं रॉकेलनं पुसायची, सांध्यासांध्याला तेल द्यायचं, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, कोहळा, पेढे. त्या दिवशी लेथवर काम करणाऱ्या माणसाइतकाच लेथचाही मान. गावाकडे माझी आई विळ्याकोयत्यांना तेलाचं बोट लावल्याशिवाय कुंकू लावत नसे. अवजार कोरडं ठेवून पुजायचं नाही, हे माझ्या हाडात भिनलेलं. दुपारी कंपनीतली पूजा उरकून आम्ही शेडात आलो. वहिनींना आणि पूजेचं ताट घेऊन यायला दादा परत चिंचवडला गेले. मी एकटाच होतो. विमान पुसलं, माळ घातली आणि तेलाची बुधली घेतली.

पंखांच्या बिजागऱ्यांना दिलं. शेपटीच्या सांध्यांना दिलं. विमान चालवायच्या दांडीच्या सांध्याला दिलं. मग खाली बसून पुढच्या चाकाच्या खुंटीला, चकत्यांवर, दोन थेंब दिले. दोन नाही, तीन. वर कुंकवाचं बोट लावलं.

आजपर्यंत मी या क्षणाची हजारदा उलटतपासणी घेतली आहे. हात सवयीनं गेला, हे खरं. सणाचा दिवस, बुधली हातात, सांधा समोर. आमच्यातल्या कुणीही हेच केलं असतं. पण त्याच वेळी आत कुठेतरी, तेल लागल्यावर बरं वाटलं, हेही खरं. कोरडं लोखंड मला बघवत नव्हतं. आता हे सवयीतून झालं की हट्टातून, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

थोड्या वेळानं दादा-वहिनी आले. वहिनींनी विमानाच्या नाकाला ओवाळलं. दादांचे डोळे भरून आले होते. थेंब टाकल्यामुळे म्हणाले.

रविवारी पंख सोडवून, टेंपोत घालून विमान मोशीला नेलं, तिथे पुन्हा जोडलं. वहिनीही बरोबर होत्या. दादा हेल्मेट घालून बसले. पट्टा आवळताना त्यांनी मला विचारलं, ‘काटा?’

काटा शेडातच राहिला होता. आणि तेव्हा मला बुधली आठवली. खोटं बोलत नाही, लख्ख आठवली. पण माळावर दोनशे माणसं गोळा झालेली, इंजिन गरम झालेलं, दादांचा चेहरा लहान मुलासारखा फुललेला. सगळं थांबवून, मी तेल घातलं, असं मी त्यांना सांगायचं? ज्यावरून दोन रविवार रुसलो होतो तेच? माझी जीभ रेटेना. तीन थेंबांनी काय होतंय, असं मी स्वतःला समजावलं.

‘परवाच लावलाय की,’ मी म्हणालो. ‘खुणेवर आहे.’

पहिली फेरी हळू झाली, दुसरी जरा वेगात. तिसऱ्या फेरीत दादांनी इंजिन वाढवलं आणि अर्ध्या पट्टीवर एक खडखड सुरू झाली. मला तो आवाज ओळखीचा होता. मी धावत सुटलो. पुढचा पाय एका बाजूला दुमडला, नाक मुरुमात घुसलं, इंजिनाच्या पंख्याचे तुकडे उडाले आणि विमान शेपटी वर करून उभं राहिलं. मी पोचलो तेव्हा दादा पट्ट्यात लोंबकळत होते. कपाळातून रक्त येत होतं आणि डावं मनगट वेडंवाकडं झालेलं. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो मला, ‘कोन चुकला का रे माझा?’

मी त्यांचा पट्टा सोडवू लागलो. शेजारच्या रानातला एक शेतकरी पुढे आला. ‘सायेब, म्होरलं चाक लई नाचत हुतं,’ तो म्हणाला. ‘आदी बारीक नाचलं, मंग लईच. आमी वरडलो बी, पर तुमास्नी ऐकाय न्हाई आलं.’

वहिनी दादांना घेऊन दवाखान्यात गेल्या. मी विमान टेंपोत घालून कासारवाडीला आणलं, शेडाचं दार लोटलं आणि खुंटीचा नट सोडला. चकत्या चकचकत होत्या. तेलात कुंकू मिसळून त्याचा तांबडा गाळ चकत्यांमध्ये बसला होता. लाइनवर असं काही सापडलं असतं तर मी ते ताटात घेऊन साऱ्या शॉपला दाखवत फिरलो असतो. मी पेट्रोलचा डबा काढला, एकेक चकती धुतली, पुसली, नट पुन्हा आवळला आणि काटा लावला. बरोबर लाल रेघेवर आला. तांबडं पेट्रोल मी शेडामागच्या गटारात ओतलं.

आठ दिवसांनी दादा हात गळ्यात अडकवून शेडात आले. ‘काटा लाव,’ म्हणाले. मी लावला. त्यांनी रेघ पाहिली, बराच वेळ पाहिली.

‘चकत्या ठीक आहेत,’ ते म्हणाले. ‘म्हणजे माझाच कोन.’

मनगट दोन महिन्यांत बरं झालं. विमानही दुरुस्त होण्याजोगं होतं. पंखा आणि पाय बदलले की झालं. डोळे अजून चांगले होते, तपासणीत ते नुकतेच पास झाले होते. मी म्हणालो, ‘दादा, पाय मी नवा करतो. पुन्हा बसवू.’ ते म्हणाले, ‘कारण सापडल्याशिवाय मी पुन्हा बसणार नाही. तुझ्या वहिनीला मी शब्द दिलाय.’

कारण माझ्या पोटात होतं. आणि दादा रोज संध्याकाळी ड्रॉइंगच्या बोर्डावर कारण शोधत बसायचे. भिंतीपलीकडून मला टी-स्क्वेअर सरकल्याचा आवाज यायचा. खुंटी अर्ध्या अंशानं पुढे, अर्ध्या अंशानं मागे. वह्या भरल्या. कधी उत्तर जुळायचं, म्हणजे कोन बरोबर होता असं निघायचं, आणि त्यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही. ते परत पहिल्यापासून सुरू करायचे. रविवारी भिंत वाजायची, पण आता ती चहासाठी. चहा पिता पिता ते मला विचारायचे, ‘तू तर यातला माणूस, तुला काय वाटतं?’ मी कपात बघायचो. माझ्या बायकोलाही मी काही सांगितलं नाही.

कंपनीतही फरक पडला. ज्या माणसाच्या ड्रॉइंगवर कुणी दुसरी सही मागत नसे, तो साध्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग घेऊन टेबलाटेबलांवरून फिरू लागला, जरा बघता का म्हणून. पोरसवदा इंजिनिअर मागून हसायचे. एकाला मी कॅंटीनमध्ये कॉलर धरून भिंतीला लावलं. सगळ्यांना वाटलं, काय मैत्री आहे.

डॉक्टरांनी दिलेली मुदत संपली. बाजूचं दिसणं जाऊ लागलं, मग समोरचंही धूसर झालं. दादांनी वेळेआधी निवृत्ती घेतली. विमान ताडपत्रीखाली होतं, ते वखारवाल्यानं शेड मागितल्यावर एका कॉलेजला देऊन टाकलं. त्या दिवशी दादा शेडात आले नाहीत. ‘तू आहेस ना,’ म्हणाले.

तिसऱ्या वर्षीच्या खंडेनवमीला सकाळी भिंत वाजली. मी गेलो. वहिनींनी पाटावर दादांची अवजारं मांडली होती. पट्टी, टी-स्क्वेअर, जर्मन कंपास, आणि कडेला तो लटकता काटा. लाल रेघ तशीच होती. दादा पाटाशी बसले होते आणि बोटांनी कंपास चाचपत होते.

‘सांधा कुरकुरतोय,’ त्यांनी कंपास माझ्यापुढे धरला. ‘थेंबभर तेल दे. मला नीट दिसत नाही, आणि तुझा हात सवयीचा.’

मी बुधली घेतली आणि माझ्याच्यानं पुढे काही होईना. मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, तीन थेंब, कुंकू, मोशीला दिलेलं उत्तर, पेट्रोल, गटार. काही लपवलं नाही. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

दादा ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, ‘मोशीहून आलास त्याच दिवशी तुला कळलं होतं?’

‘हो.’

‘मी काटा लावायला सांगितला तेव्हाही?’

‘हो, दादा.’

त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाले, ‘ऐकलंस का गं? कोन बरोबर होता! माझा कोन बरोबर होता!’

वहिनी दारात आल्या. त्यांच्या हातात नैवेद्याची वाटी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादांचं हसू चेहऱ्यावर थोडा वेळ राहिलं. मग ते पाटावरच्या काट्यावरून बोटं फिरवू लागले, लाल रेघ शोधत असावेत.

‘तेव्हा मला दिसत होतं रे,’ ते म्हणाले.

मी बुधली पाटावर ठेवली आणि घरी आलो. पुढच्या रविवारी सातच्या आधीच चहा पिऊन बसलो होतो. पलीकडे कपबशीचा आवाज झाला, स्टोव्ह विझला, दादांचा खोकला ऐकू आला. भिंत वाजली नाही. त्यानंतर आम्ही त्या घरात चार वर्षं राहिलो, आणि दर रविवारी मी तयार होऊन बसत असे.